विश्लेषण : इंजिन नसलेल्या विमानाच्या पंखात चार मोटारी कशासाठी?

रिमोटवर उडणाऱ्या ग्लायडरला इंजिन नसते. डोंगरउतारावरून वर चढणारा वारा किंवा तापलेल्या जमिनीवरून उठणारी गरम हवा, एवढ्याच भांडवलावर तो तासन्‌तास हवेत राहू शकतो. तरीही त्याच्या पंखांत चार छोट्या मोटारी बसवलेल्या असतात. काडेपेटीपेक्षा लहान असलेल्या या मोटारी नीट बसल्या नाहीत, तर दोन किलोचे विमान कोणाच्या डोक्यावर येईल याचा नेम नसतो. एअरोमॉडेलिंगच्या छंदात सर्वांत कमी बोलले जाणारे आणि सर्वांत जास्त विमाने आपटवणारे हे काम नेमके असते तरी काय?

सर्व्हो म्हणजे काय?

आज्ञा मिळेल तेवढ्याच कोनात फिरून तिथेच ठामपणे थांबणारी मोटार म्हणजे सर्व्हो. पंख्याची मोटार नुसती गरगर फिरते, तर सर्व्होचा आर्म साधारण पाव वर्तुळाच्या आत मागे-पुढे होतो. तिला तीन वायरी असतात. दोन विजेच्या आणि एक संदेशाची. संदेशाच्या वायरीतून साधारणपणे सेकंदाला ५० वेळा विजेचा एक छोटा ठोका येतो. तो १.५ मिलिसेकंदाचा असेल तर आर्म मध्यावर राहतो, १ मिलिसेकंदाचा असेल तर एका टोकाला जातो आणि २ मिलिसेकंदांचा असेल तर दुसऱ्या. आर्म प्रत्यक्षात कुठे आहे हे आतला सेन्सर सांगत राहतो आणि फरक असेल तर मोटार तो भरून काढते. वाऱ्याने पंखाची झडप ढकलली, की सर्व्हो तिला मागे रेटते. जमिनीवर कानाजवळ धरल्यावर ऐकू येणारी तिची बारीक गुणगुण ही त्या कुस्तीची असते.

चार कशाला हव्यात?

पंखाच्या टोकाकडील हलत्या पट्ट्यांना एलेरॉन म्हणतात. उजवी वर आणि डावी खाली गेली, की विमान उजवीकडे कलते. पंखाच्या मुळाकडील पट्ट्या म्हणजे फ्लॅप. त्या थोड्या खाली केल्या की पंखाची वक्रता वाढते आणि ग्लायडर संथ गतीने गरम हवेच्या स्तंभात घिरट्या घालू शकतो. किंचित वर केल्या की तो वेगाने पुढे काढता येतो. डावा एलेरॉन, उजवा एलेरॉन, डावा फ्लॅप, उजवा फ्लॅप अशा प्रत्येकासाठी एक सर्व्हो, म्हणून चार.

खरी गंमत उतरताना कळते. चांगला ग्लायडर खाली यायला तयारच नसतो. वीस पावले उंचीवर असला तर तो मैदान ओलांडून पलीकडच्या उसात जाऊन पडेल. मग दोन्ही फ्लॅप जवळजवळ काटकोनात खाली आणि दोन्ही एलेरॉन वर अशी रचना केली जाते. खेळाडू तिला ‘क्रो’ म्हणतात. यामुळे पंखाचा ब्रेक होतो आणि विमान तीव्र उतारानेही वेग न वाढवता खाली येते. पण याच क्षणी एका बाजूचा फ्लॅप सर्व्होसकट सुटला तर? एक पंख ब्रेक लावलेला आणि दुसरा मोकळा. जमिनीपासून पाच मीटरवर विमान कलते आणि चालकाला काही सुचण्याआधी जमिनीत घुसते.

आकडा सांगायचा तर, दोन किलोचा ग्लायडर ताशी १०० किलोमीटर वेगाने येत असेल, तर त्यातील ऊर्जा ३९ मीटरवरून, म्हणजे सुमारे तेराव्या मजल्यावरून सोडलेल्या दोन किलोच्या वजनाएवढी असते. हे खेळणे नव्हे, हे सुरुवातीलाच समजलेले बरे.

पंखात जागा असते तरी किती?

फारच कमी. ग्लायडरचा पंख पातळ असतो, कारण हवेचा विरोध कमी हवा. पंखाची रुंदी मुळापाशी २०० मिलिमीटर आणि जाडी तिच्या ८ टक्के धरली, तर सर्वांत जाड ठिकाणी मिळतात १६ मिलिमीटर. टोकाकडे रुंदी १४० मिलिमीटर झाली, की उरतात जेमतेम ११. त्यातून वरच्या-खालच्या कवचाची जाडी वजा करा. शिल्लक ९-१० मिलिमीटर. रोबोटिक्सच्या दुकानात मिळणारी निळी ‘नऊ ग्रॅम’वाली सर्व्हो सुमारे १२ मिलिमीटर जाड असते. ती आडवी घातली तरी टोकाकडे मावत नाही. म्हणून ग्लायडरसाठी ८ ते १० मिलिमीटर जाडीच्या खास सर्व्हो बनवल्या जातात. त्यांचे दातेरी चाक धातूचे हवे, वजन कमी हवे, ताकद भरपूर हवी आणि आर्ममध्ये ढिलाई अजिबात नको. आखूडशिंगी बहुदुधी गाय मागण्यातला हा प्रकार आहे. ती मिळते, पण किंमत मोजावी लागते. एका चांगल्या पातळ सर्व्होच्या पैशात साध्या निळ्या सर्व्हो डझनभर येऊ शकतात. त्यामुळेच ती बसवताना हात जपून चालवावा लागतो.

पंखाच्या खालच्या बाजूला कवचात चौकोनी खिडकी कापलेली असते. सर्व्हो तिथून आत जाते आणि वरच्या कवचाच्या आतल्या बाजूला टेकते. शेवटी खिडकीवर झाकण बसते. ऐकायला सोपे आहे.

चिकटवण्याआधी काय करायचे?

सर्व्हो आधी टेबलावर चालवून पाहायची. रिसीव्हरला जोडून अर्धा तास मागे-पुढे फिरवायची. जी खराब निघायची ती इथेच निघते. पंखात चिकटवल्यावर निघाली तर खिडकी कोरून काढावी लागते. सर्व्होवर लिहिलेला व्होल्टही पाहावा. पूर्ण चार्ज केलेली दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी ८.४ व्होल्ट देते. ६ व्होल्टची साधी सर्व्हो तिच्यावर थेट जोडली तर धूर निघतो, आणि तो कधी कधी हवेत असताना निघतो.

मग ट्रान्समीटर सुरू करून, सगळे ट्रिम शून्यावर आणून सर्व्हो मध्यावर आणायची आणि त्यानंतरच आर्म बसवायचा. आर्म ज्या दंडावर बसतो त्याला बारीक दाते असतात, त्यामुळे आर्म हवा त्याच कोनात बसेलच असे नाही. एक दाता इकडे की तिकडे, हे चिकटवण्यापूर्वी ठरले पाहिजे.

एलेरॉनसाठी आर्म पुशरॉडशी जवळपास काटकोनात ठेवतात. फ्लॅपचे गणित वेगळे आहे. फ्लॅपला वर दोन-चार अंश आणि खाली ८०-९० अंश जायचे असते. आर्म मध्यावर काटकोनात ठेवला, तर सर्व्होची अर्धी चाल वायाच जाते. पुशरॉड पंखाखालून जात असेल, तर फ्लॅप खाली येण्यासाठी त्याचा हॉर्न पुढे ओढावा लागतो. म्हणून फ्लॅप सरळ असताना आर्म आधीच मागच्या कडेकडे झुकलेला ठेवतात. पुढे ओढायला मग भरपूर चाल मिळते. नवखे लोक हे चिकटवल्यानंतर शोधून काढतात आणि मग रिमोटच्या मेनूत तासभर टक्केवाऱ्या बदलत बसतात. यांत्रिक चूक संगणकाने झाकता येते, पण तिची भरपाई ताकद आणि अचूकपणा गमावून होते.

आर्म लांब की आखूड?

शक्य तेवढा आखूड. समजा सर्व्होची ताकद २ किलो-सेंटिमीटर आहे. आर्मवर १० मिलिमीटरच्या छिद्रात पुशरॉड अडकवला तर २ किलोचा जोर मिळेल. ५ मिलिमीटरच्या छिद्रात अडकवला तर ४ किलोचा. दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. प्रत्येक सर्व्होच्या दात्यांत थोडी ढिलाई असतेच. आर्म आणि हॉर्न सारख्या लांबीचे असतील तर सर्व्होची एक अंशाची ढिलाई एलेरॉनवर एक अंशाचीच उतरते. आर्म हॉर्नच्या निम्मा असेल तर ती अर्ध्या अंशावर येते. अर्थात हालचालही निम्मी होते. एलेरॉनला ते चालते. फ्लॅपला मोठी चाल हवी असल्यामुळे तिथे आर्म फार आखूड करता येत नाही, म्हणून फ्लॅपला अधिक ताकदीची सर्व्हो लागते.

थोड्या ढिलाईने एवढे काय बिघडते?

वेग वाढला की ढिली झडप फडफडू लागते. दोरीवर वाळत घातलेले धोतर वाऱ्यात फडफडते तसेच, पण सेकंदाला अनेक पटींनी जास्त वेळा. झडपेची ही फडफड पंखाच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली, तर हवा प्रत्येक हेलकाव्यात भर घालत जाते आणि काही क्षणांत झडप, सर्व्होचे दाते किंवा सबंध पंखच तुटतो. याला फ्लटर म्हणतात.

मोठ्या विमानांनाही हा धडा महागात पडला आहे. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ब्रिटनच्या हँडली पेज बॉम्बफेकी विमानाची शेपटी जोरात थरथरू लागली. फ्रेडरिक लँचेस्टर यांनी शोध घेतला तेव्हा कारण सापडले. शेपटीचे डावे आणि उजवे एलेव्हेटर स्वतंत्र तारांनी हलत होते, त्यांच्यात कडक जोड नव्हता. दोन्हींना एका मजबूत नळीने जोडण्याचा उपाय निघाला. शंभर वर्षांनी छंदवाल्यांच्या टेबलावर तोच नियम लागू आहे. हलत्या भागामागे जे काही आहे, ते कडक हवे.

ग्लायडरला इंजिन नसल्यामुळे एवढा वेग येणार कुठून, असे वाटेल. डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला, जोराचा वारा आणि शांत हवा यांच्या सीमेवर गोल गोल फिरत वेग वाढवण्याचे एक तंत्र आहे. त्याला डायनॅमिक सोअरिंग म्हणतात. समुद्रावर अल्बाट्रॉस पक्षी हेच करतो. या तंत्राने २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातील पार्कर माउंटनवर स्पेन्सर लिसेनबी यांच्या इंजिनविरहित मॉडेलने ताशी ५४८ मैल, म्हणजे सुमारे ८८२ किलोमीटर वेग गाठला. प्रवासी जेटच्या वेगाची ही बरोबरी. आपल्याकडचा हौशी ग्लायडर त्याच्या पावपटही जात नसेल, पण उंचावरून सूर मारताना ताशी शंभर-सव्वाशे सहज ओलांडतो. फडफड सुरू व्हायला तेवढे पुरे.

स्क्रू, फ्रेम की डिंक?

इथे छंदवाल्यांचे दोन तट आहेत. एक गट सर्व्हो थेट पंखात चिकटवतो. सर्व्होभोवती हीट श्रिंक नळी किंवा मास्किंग टेप गुंडाळायची आणि ती इपॉक्सीने कवचाला चिकटवायची. पुढे काढायची झाली तर नळी कापली की सर्व्हो मोकळी. वजन कमी, जागा कमी. दुसरा गट प्लायवूडची किंवा प्लास्टिकची चौकट आधी चिकटवतो आणि सर्व्हो तिच्यात स्क्रूने बसवतो. यात दोन-तीन ग्रॅम वाढतात, पण उद्या दाते तुटले तर दहा मिनिटांत सर्व्हो बदलता येते. मैदानावर, संध्याकाळ व्हायच्या आत. जागा मिळत असेल तर चौकटच बरी. टोकाकडच्या अरुंद जागेत थेट चिकटवण्याशिवाय इलाज नसतो.

पद्धत कोणतीही असो, जोड टिकतो तो तयारीवर. साच्यात बनवलेल्या फायबरच्या पंखाचे आतले कवच गुळगुळीत असते. त्यावर इपॉक्सी लावला तर तो वाळतो, पण धरत नाही. नखाने सबंध चकती निघून येते. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने ती जागा खरखरीत करायची, धूळ काढायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. त्यानंतर बोट लावायचे नाही.

वरचे कवच बहुतेक वेळा इतके पातळ असते की सर्व्होने जोर लावला की तेच आत-बाहेर वाकते. म्हणजे सर्व्हो घट्ट, आर्म घट्ट, आणि झडप तरीही ढिली! म्हणून सर्व्होखाली कार्बनच्या किंवा काचतंतूच्या कापडाचा, खिडकीपेक्षा थोडा मोठा तुकडा चिकटवतात. जोर मोठ्या जागेत पसरतो. चौकटीची एक बाजू पंखाच्या कण्याला, म्हणजे स्पारला, टेकली तर उत्तम.

इपॉक्सी अर्ध्या तासाचा किंवा त्याहून सावकाश घट्ट होणारा घ्यावा. पाच मिनिटांचा सोयीचा असतो, पण जुळवाजुळव करायला वेळ देत नाही आणि उष्णतेत लवकर मऊ पडतो. हॉट ग्लूच्या बंदुकीचा मोह तर टाळावाच. काळ्या कार्बनचा पंख एप्रिलच्या उन्हात गवतावर पाच मिनिटे ठेवून हात लावून पाहा, कारण समजेल. झटपट चिकटणारा पातळ डिंकही नको. तो फटींतून सर्व्होच्या पोटात शिरतो आणि दातेच जाम करतो. डिंकाचा ढीग ओतणे हाही उपाय नव्हे. इपॉक्सी घट्ट होताना तापतो, आणि जाड गोळ्याखालचे कवच बाहेरून सुरकुतते. पंखाच्या वरच्या गुळगुळीत पाठीवर सर्व्होचा ठसा उमटलेला दिसला, की कोणीतरी उदार हाताने डिंक वाढला आहे असे ओळखावे.

सर्व्होचा दंड बिजागरीच्या रेषेला समांतर हवा. तिरपा बसला तर पुशरॉड एका बाजूला पिळला जातो आणि मध्येच अडकतो. डिंक ओला असतानाच पुशरॉड जोडून, झडप पूर्ण वर आणि पूर्ण खाली हाताने फिरवून पाहावी. आर्म कवचाला किंवा खिडकीच्या काठाला घासत नाही ना, हे तेव्हाच कळते.

वायर कशी नेतात?

वायर पंखाच्या टोकाकडून मुळापर्यंत पोकळीतून ओढायची असते. एका टोकाला दोरा सोडून दुसऱ्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावला, की दोरा आपोआप बाहेर येतो; मग दोऱ्याला बांधून वायर ओढायची. दोन सर्व्होंना वीज एकत्र आणि संदेश वेगळा, अशा किमान चार वायरी एका पंखाच्या मुळाशी येतात. तिथे त्या बहुधा सहा पिनांच्या कनेक्टरला सोल्डर करतात आणि प्रत्येक सांध्यावर हीट श्रिंक चढवतात. सोल्डर चमकदार हवे. मळकट, दाणेदार सांधा म्हणजे थंड सांधा. तो टेबलावर चालतो आणि उतरतानाच्या धक्क्याने सुटतो. वायर आत मोकळी ठेवू नये, नाही तर ती पंखात टकटक वाजत राहते आणि हळूहळू तिचे वेष्टन घासले जाते.

झाकणाचे एवढे महत्त्व का?

झाकण म्हणजे नुसते रूप नव्हे. खिडकी उघडी राहिली तर पंखाखालची हवा आत घुसून भोवरे करते आणि ग्लायडरची मिळकत म्हणजे कमीत कमी विरोध, ती तिथेच खर्च होते. बहुतेक पंखांत खिडकीच्या काठाला अर्धा-पाऊण मिलिमीटर खोल पायरी असते. झाकण त्या पायरीवर बसून पंखाच्या पृष्ठभागाशी सपाट झाले पाहिजे.

झाकणे दोन प्रकारची मिळतात. साच्यात ओढलेल्या पातळ प्लास्टिकची किंवा फायबरची. आर्म पंखाबाहेर डोकावत असेल तर झाकणावर अश्रूच्या थेंबासारखा फुगवटा असतो, आणि पुशरॉड मागच्या बाजूने बाहेर यावा म्हणून त्याला चीर द्यावी लागते. फुगवट्याचे गोल तोंड पुढे, निमुळते टोक आणि चीर मागे. उलटे लावलेले झाकणही दिसते अधूनमधून. हवेला ते आवडत नाही.

कापताना घाई नको. खिडकीवर पारदर्शक टेप लावून तिच्या काठाची रेघ मार्करने त्यावर उतरवायची, टेप झाकणावर चिकटवायची आणि रेघेच्या एक मिलिमीटर बाहेरून कापायचे. उरलेले पॉलिश पेपरने, लावून बघत, उतरवत आणायचे. चीर आधी लहान ठेवावी आणि झडप दोन्ही टोकांना नेऊन पुशरॉड घासतो का पाहत वाढवावी. फ्लॅप काटकोनात असताना पुशरॉड वेगळ्याच कोनात येतो, हे इथे विसरले जाते. पुशरॉड चिरीच्या काठाला अडकला तर सर्व्हो ढकलत राहते, तापते आणि बॅटरी खाते.

झाकण कायमचे चिकटवू नये. आतल्या सर्व्होला कधी ना कधी हात लावावाच लागतो. रुंद पारदर्शक टेप बहुतेकांना पुरते. पृष्ठभाग अल्कोहोलने पुसून चारही काठ टेपखाली आणायचे. पुढचा काठ सर्वांत नीट, कारण हवा तिथूनच उचकटते. जोरात उडणाऱ्या मॉडेलला कोपऱ्यांत सिलिकॉनचे चार ठिपके देतात. झाकण सैल असेल तर सूर मारताना विमान शिट्टीसारखे वाजते, आणि पुढच्या वेळी झाकण गवतात शोधावे लागते. पांढऱ्या पंखाचे पांढरे झाकण सापडते, हिरवे टाळावे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे इथे खरे नाही. झाकणाखाली अर्धवट काम असेल, तर ते हवेत उघडे पडतेच.

उडवण्याआधी काय पाहायचे, आणि नियम काय सांगतात?

प्रत्येक झडपेची मागची कड दोन बोटांत धरून हलके हलवायची. टकटक जाणवली तर ती सर्व्होत आहे, आर्ममध्ये की हॉर्नच्या छिद्रात, हे शोधल्याशिवाय उडवायचे नाही. मग रिमोटवर उजवीकडे काठी नेऊन उजवाच एलेरॉन वर जातो ना, हे डोळ्यांनी पाहायचे. दुरुस्तीनंतर दिशा उलटी राहिल्यामुळे पहिल्याच उड्डाणात गेलेली विमाने थोडीथोडकी नसतात. शेवटी क्रो लावून पाठीमागून दोन्ही फ्लॅप सारखेच खाली आलेत का, तेही तपासायचे.

भारतात ड्रोन नियम, २०२१ मध्ये छंदासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मानवरहित मॉडेलचा स्वतंत्र उल्लेख आहे. त्यांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. मात्र आकाश सर्वत्र मोकळे नाही. हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग डिजिटल स्काय नकाशावर दाखवलेले असतात. पुण्यात लोहगाव विमानतळ आहे आणि खऱ्या ग्लायडरचे केंद्र हडपसरला आहे, त्यामुळे आपल्या टेकडीवरून काय चालते हे आधी नकाशावर बघावे लागते. एनसीसीच्या एअर विंगमध्ये एअरोमॉडेलिंग शिकवले जाते. शिकणाऱ्या मुलांना तिथे निदान कोणी हात धरून दाखवणारा भेटतो.

पहिली पाच-सहा उड्डाणे झाली, की टेप काढून झाकणे उघडावीत. इपॉक्सीच्या काठाला बारीक पांढरी रेघ दिसली, तर जोड सुटायला लागला आहे. सर्व्होला बोटाने दाबून पाहावे. हलली, तर त्या दिवशीचे उडवणे तिथेच संपले.